चीनमध्ये पहिली कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताना: हॅवल एच६च्या निमित्ताने परवान्यापासून नंबर प्लेटपर्यंत

नोकरीनिमित्त शांघाय, सूजौ, शेन्झेन किंवा ग्वांगजौ येथे कुटुंबासह राहायला गेलेल्या मराठी माणसाला सुरुवातीचे काही महिने गाडीची उणीव जाणवत नाही, कारण तिथली मेट्रो आणि वेगवान रेल्वे दोन्ही उत्तम आहेत. मुले शाळेत जाऊ लागली, भारतातून आईवडील राहायला आले किंवा कारखाना शहराबाहेर असला, की मात्र गाडीचा विषय घरात निघतोच. अशा वेळी बहुतेकांची नजर ज्या वर्गाकडे जाते तो म्हणजे चिनी कुटुंबांसाठीच आखलेली कॉम्पॅक्ट एसयूव्ही, आणि या वर्गातील सर्वांत परिचित नाव हॅवल एच६ हे आहे. हा लेख त्या गाडीला उदाहरण म्हणून समोर ठेवतो. पण यातील टप्पे चांगान सीएस७५ प्लस, जीली बोयुए किंवा बीवायडी साँग प्लस घेणाऱ्यालाही तसेच लागू पडतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. भारतात आपण आधी गाडी ठरवतो आणि बाकीची कागदपत्रे शोरूमवर सोपवतो. चीनमध्ये हा क्रम उलटा ठेवावा: आधी परवाना, मग नंबर प्लेटचा प्रश्न आणि त्यानंतर गाडी. हा क्रम चुकला तर पैसे भरलेली गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी राहते आणि ती चालवण्याचा हक्क आपल्याकडे नसतो.

ही गाडी नेमकी कशी आहे

हॅवल एच६ ही हबेई प्रांतातील बाओदिंग येथे मुख्यालय असलेल्या ग्रेट वॉल मोटर या कंपनीची गाडी आहे. ती २०११ मध्ये बाजारात आली, २०१३ मध्ये कंपनीने हॅवल हा स्वतंत्र ब्रँड केला आणि त्यानंतर अनेक वर्षे एच६ ही चीनमधील सर्वाधिक खपाची एसयूव्ही राहिली. सध्या रस्त्यावर मोठ्या संख्येने दिसणारी तिसरी पिढी २०२० मध्ये आली. तिची लांबी ४,६५३ मिलिमीटर, रुंदी १,८८६ मिलिमीटर आणि दोन चाकांमधील अंतर, म्हणजे व्हीलबेस, २,७३८ मिलिमीटर आहे.

हे आकडे नीट वाचावेत. भारतात चार मीटरच्या आतील गाडीला करसवलत मिळत असल्याने आपल्या मनातील छोट्या एसयूव्हीचे माप त्याच मर्यादेभोवती घडलेले असते. चीनमध्ये अशी लांबीची अट नाही. म्हणून तिथे साडेचार मीटरहून लांब गाडीही कॉम्पॅक्ट वर्गात मोजली जाते. ही लांबी मुख्यतः मागच्या आसनांसाठी खर्च केलेली असते, कारण आईवडील, मूल आणि मुलाला सांभाळणारे आजीआजोबा असे सगळे एकाच गाडीतून प्रवास करणे हा तिथल्या कुटुंबांचा नेहमीचा रिवाज आहे. उंच माणूस पुढे बसला तरी मागच्याचे गुडघे मोकळे राहतात. उलट बाजूने पाहता ही गाडी डोंगरदऱ्यांत घालण्यासाठी बनवलेली नाही: बहुतेक आवृत्त्यांत इंजिनाची ताकद फक्त पुढच्या चाकांना मिळते, आणि शहर, तळघरातील पार्किंग व द्रुतगती महामार्ग हेच तिचे खरे क्षेत्र आहे.

या वर्गात जवळपास प्रत्येक कंपनी दीड लिटरचे टर्बो इंजिन देते आणि त्यामागे थेट करांचे गणित आहे. उत्पादकावर लागणारा उपभोग कर एक ते दीड लिटरपर्यंतच्या इंजिनाला ३ टक्के, दीड ते दोन लिटरपर्यंत ५ टक्के आणि दोन ते अडीच लिटरपर्यंत ९ टक्के असा चढत जातो. मालकाने दरवर्षी भरायचा वाहन करही इंजिनाच्या क्षमतेनुसारच ठरतो. त्यामुळे एच६ दोन लिटरच्या टर्बो इंजिनासह मिळत असली तरी घर, शाळा आणि कार्यालय एवढ्याच फेऱ्या असणाऱ्या नवख्याने दीड लिटरचीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्राशी या गाडीच्या कंपनीचा संबंध थोडक्यात हुकला, हेही इथे नोंदवायला हवे. जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉलने पुण्याजवळील तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार केला होता आणि फेब्रुवारीत ग्रेटर नोएडाच्या ऑटो एक्स्पोमध्ये हॅवलच्या गाड्याही मांडल्या होत्या. आवश्यक परवानग्या न मिळाल्याने तो करार २०२२ च्या मध्यास संपुष्टात आला आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला. तो व्यवहार पार पडला असता तर आज ही गाडी कदाचित जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर दिसली असती.

पहिला टप्पा: वाहन परवाना

चीनच्या मुख्य भूमीवर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना चालत नाही. भारतातून काढून आणलेली ती पुस्तिका तिथे निव्वळ कागद ठरते, आणि तिच्या भरवशावर गाडी चालवणे म्हणजे परवान्याविना चालवणे होय. थोड्या मुदतीच्या मुक्कामासाठी तात्पुरता परवाना मिळतो, परंतु गाडी विकत घेऊन राहायचे असेल तर चिनी परवानाच काढावा.

सुदैवाने मूळ भारतीय परवाना वैध असेल तर ड्रायव्हिंग स्कूल आणि प्रत्यक्ष चालवण्याची चाचणी यांतून सूट मिळते. पासपोर्ट, निवास परवाना, पोलिसांकडील निवासनोंदीची पावती, भारतीय परवाना, मान्यताप्राप्त संस्थेने केलेले त्याचे चिनी भाषांतर, छायाचित्रे आणि दृष्टी, रंगओळख व श्रवण यांची वैद्यकीय तपासणी एवढे घेऊन वाहन व्यवस्थापन कार्यालयात जावे. या कार्यालयाला स्थानिक लोक चगुआनसुओ म्हणतात. आपल्या आरटीओचे काम तिथे तेच करते. कोणत्या संस्थेचे भाषांतर चालते हे शहरानुसार बदलते, म्हणून भाषांतर करून घेण्यापूर्वी तिथेच विचारावे.

त्यानंतर उरते ती संगणकावरील लेखी परीक्षा: १०० प्रश्न, ४५ मिनिटे आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान ९० गुण. मोठ्या शहरांत ती इंग्रजीतून देता येते. अनुभवी चालकांचीही या परीक्षेत गडबड होते, कारण प्रश्न चालवण्याच्या कौशल्यावर नसून नियमांच्या तपशिलावर असतात. कोणत्या गुन्ह्याला किती दोषगुण (परवान्यावर चढणारे दंडाचे गुण) लागतात, धुक्यात दृश्यता किती असताना वेग किती ठेवायचा, वाहतूक पोलिसाच्या हाताच्या कोणत्या खुणेचा अर्थ काय, हे पाठच करावे लागते. सरावाची ॲप आहेत. रोज संध्याकाळी अर्धा तास दिला तर काही आठवड्यांत तयारी होते. पहिल्या प्रयत्नात गुण कमी पडले तर तिथल्या तिथे आणखी एकदा बसता येते.

अर्ज करताना सी१ आणि सी२ यांतील फरक ध्यानात ठेवावा. सी१ हा परवाना हाताने गिअर बदलण्याच्या आणि स्वयंचलित अशा दोन्ही प्रकारच्या छोट्या गाड्यांसाठी असतो, तर सी२ केवळ स्वयंचलित गाड्यांसाठी.

दुसरा टप्पा: नंबर प्लेट

चीनमध्ये गाडी विकत घेण्याचा सगळ्यांत अवघड भाग कोणता असे विचारले तर मी नि:शंकपणे नंबर प्लेट असे उत्तर देईन. गर्दी आणि प्रदूषण आवरण्यासाठी काही मोठ्या शहरांनी नव्या नोंदणीवर मर्यादा घातल्या आहेत, आणि त्या प्रत्येक शहरात वेगळ्या आहेत.

शांघायमध्ये दर महिन्याला पाट्यांचा लिलाव होतो आणि पेट्रोल गाडीच्या पाटीची किंमत गेली अनेक वर्षे ९० हजार युआनच्या आसपास राहिली आहे. म्हणजे एक लाख युआनच्या गाडीला जवळजवळ तेवढ्याच किमतीचा पत्रा लावावा लागतो! हा खर्च टाळण्यासाठी काही जण शहराच्या बाहेरील भागापुरती वैध असलेली ‘हू-सी’ पाटी घेतात, पण ती गाडी बाह्य वर्तुळमार्गाच्या आत आणता येत नाही. दुसऱ्या प्रांताची पाटी असेल तर कामाच्या दिवशी उन्नत मार्गांवर सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत मनाई असते. बीजिंगमध्ये २०११ पासून पाट्यांची सोडत काढली जाते आणि पेट्रोल गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव न लागणे ही तिथली सर्वसाधारण गोष्ट आहे. शिवाय पाटी मिळाल्यावरही आठवड्यातील एका कामाच्या दिवशी शेवटच्या अंकानुसार गाडी घरी ठेवावी लागते. ग्वांगजौ, शेन्झेन, हांगजौ आणि त्यांजिन येथेही सोडत, लिलाव किंवा दोन्ही पद्धती रूढ झाल्या. याउलट सूजौ, नानजिंग, वूशी अशा शहरांत गाडी घेतली की पाटी मिळते.

तेव्हा शोरूममध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी आपल्या शहराचा त्या महिन्यातील नियम, परदेशी नागरिकासाठी असलेली निवासाची अट आणि एकूण खर्च कार्यालयातील मनुष्यबळ विभागाकडून किंवा थेट चगुआनसुओमधून लेखी स्वरूपात मिळवावा. विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

पेट्रोल की प्लग

पेट्रोल गाडीला निळी पाटी मिळते, तर संपूर्ण विजेवर चालणाऱ्या गाडीला किंवा प्लग-इन हायब्रिडला, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेल्या गाडीला, हिरवी. शांघायमध्ये संपूर्ण विजेच्या गाडीला हिरवी पाटी लिलावाशिवाय मिळते. प्लग-इन हायब्रिडची ती सवलत मात्र २०२३ च्या आरंभापासून बंद झाली. याच कारणामुळे ज्याला शांघायमध्ये राहायचे आहे आणि ज्याच्या इमारतीत चार्जर बसवण्याची परवानगी मिळते, त्याने पेट्रोलच्या एच६चा नाद सोडून विजेची गाडी पाहावी. सूजौसारख्या शहरात राहणाऱ्याला आणि सुट्टीत लांबचे प्रवास करणाऱ्याला पेट्रोलची गाडी आजही सोयीची ठरते. चार्जरबाबत इमारतीच्या व्यवस्थापनाची संमती आधी घ्यावी. भाड्याच्या घरात घरमालकाचीही लागते.

तिसरा टप्पा: शोरूम आणि चाचणी

चीनमधील अधिकृत शोरूमला ‘४एस’ दुकान म्हणतात, कारण विक्री, सुटे भाग, सेवा आणि ग्राहकांच्या प्रतिक्रिया ही चारही कामे एकाच छताखाली होतात. एकाच शहरात एका ब्रँडची अनेक दुकाने असतात आणि त्यांच्या दरांत फरक असतो. निदान तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नये. तिमाहीच्या शेवटी विक्रीची उद्दिष्टे गाठायची असल्याने सूट वाढवून मिळण्याची शक्यता अधिक असते.

चाचणीसाठी विक्रेता मोकळ्या रुंद रस्त्यावर नेतो आणि तिथे कोणतीही गाडी गुळगुळीत वाटते. एच६मध्ये सात गिअरचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स आहे, त्याची खरी परीक्षा मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या रहदारीत आणि तळघरातील पार्किंगच्या चढावर होते. म्हणून चढावर गाडी थांबवून पुन्हा हळूच सोडून पाहावी. धक्का बसतो का, गाडी किंचित मागे येते का, हे दोन-तीनदा तपासावे. मागच्या आसनावर स्वतः दहा मिनिटे बसावे. मोठ्या पडद्यावरील मेन्यू बहुधा केवळ चिनी भाषेत असतात आणि आवाजी सूचना मँडरिनमध्येच समजतात, त्यामुळे एसीचे तापमान, काचेवरील वाफ घालवण्याचे बटण आणि मागचा कॅमेरा या तीन गोष्टी चिनी न वाचता चालवता येतात का, ते तिथेच पाहून घ्यावे. भारतीय वापराची नकाशा ॲप तिथे उपयोगाची नाहीत. गाओद किंवा बायडू यांपैकी एकाची सवय लावून घ्यावी लागते.

सुरक्षिततेसाठी सी-एनकॅप या चिनी अपघात चाचणीचे तारे पाहावेतच, पण त्यासोबत विमा क्षेत्राच्या पुढाकाराने होणाऱ्या सी-आयएएसआय चाचणीचा निकालही वाचावा, कारण त्यात गाडीच्या पुढच्या एका कोपऱ्यावर बसणाऱ्या अरुंद धडकेची कठोर तपासणी असते.

चौथा टप्पा: किंमत, कर आणि विमा

विक्रेता जो आकडा प्रथम सांगतो तो लुओछजिया, म्हणजे नुसत्या गाडीची किंमत असतो. आपण लुओदीजिया विचारावा. आपल्याकडील ऑन-रोड किंमत ती हीच. दोहोंमधील मुख्य फरक खरेदी कराचा. मूल्यवर्धित कर वगळून उरणाऱ्या किमतीवर तो १० टक्के असतो, आणि मूल्यवर्धित कर १३ टक्के असल्याने बिलाच्या रकमेला १.१३ ने भागून त्याचा दहावा हिस्सा काढला की उत्तर मिळते. उदाहरणार्थ, बिल १,१३,००० युआनचे असेल तर खरेदी कर १०,००० युआन येतो. पात्र ठरणाऱ्या विजेच्या आणि प्लग-इन गाड्यांना २०२५ अखेरपर्यंत हा कर माफ होता. २०२६ आणि २०२७ या दोन वर्षांत तो निम्मा आकारला जातो आणि सवलतीची कमाल मर्यादा १५,००० युआन आहे.

कर्जावर गाडी घेताना बिनव्याजी हप्त्यांच्या जोडीला ‘सेवा शुल्क’ या नावाने काही रक्कम लावली जाते का, हे करारात शोधावे. नोंदणी, तात्पुरती पाटी, सजावटीचे सामान यांची प्रत्येक रक्कम वेगवेगळी लिहून घ्यावी आणि नको असलेली वस्तू काढून टाकायला सांगावी.

सक्तीच्या विम्याचा पहिल्या वर्षाचा हप्ता सहापेक्षा कमी आसनांच्या घरगुती गाडीसाठी ९५० युआन आहे. या विम्यात समोरच्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी अवघे २,००० युआन मिळतात, म्हणजे महागड्या गाडीचा आरसा तुटला तरी ते पुरत नाहीत. म्हणून व्यावसायिक तृतीय पक्ष विमा मोठ्या शहरात किमान २० लाख युआनचा घ्यावा. रक्कम वाढवली तरी हप्ता त्या मानाने थोडाच वाढतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात सप्टेंबर २०२० च्या सुधारणेपासून चोरी, काचा आणि पाण्यात इंजिन बंद पडल्याने होणारी हानी यांचा समावेश झाला आहे. भारतात इंजिनासाठी वेगळे संरक्षण विकत घेण्याची सवय असलेल्यांनी तोच प्रकार इथे पुन्हा विकत घेऊ नये.

पाचवा टप्पा: ताबा घेताना

गाडीचा ताबा दिवसाउजेडी घ्यावा, पावसात किंवा रात्री घेऊ नये. समोरच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात दिसणारा सतरा अक्षरांचा चासी क्रमांक, दाराच्या खांबावरील पट्टी आणि कारखान्याचे अनुरूपता प्रमाणपत्र या तिन्हींवरील क्रमांक अक्षरन् अक्षर जुळवावेत. चीनमध्ये बनलेल्या गाडीचा क्रमांक ‘एल’ या अक्षराने सुरू होतो. ग्रेट वॉलच्या गाड्यांवर ‘एलजीडब्ल्यू’ ही सुरुवात दिसते. त्याच पट्टीवर उत्पादनाचा महिना छापलेला असतो. तो सहा महिन्यांपूर्वीचा असेल तर गाडी बराच काळ उघड्यावर उभी होती असे समजून टायर, बॅटरी आणि दारांचे रबर बारकाईने पाहावे आणि आणखी सूट मागावी. टायरच्या बाजूवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. चारही टायरांचे अंक एकमेकांशी साधारण जुळायला हवेत. रंग तपासताना दाराशी खाली वाकून पत्र्यावर तिरपी नजर टाकावी. दुरुस्त केलेला भाग समोरून दिसत नाही, तिरप्या उजेडात मात्र लगेच उठून दिसतो.

ग्राहकाच्या बाजूने कायदा बऱ्यापैकी भक्कम आहे. ‘सान बाओ’ (दुरुस्ती, बदल आणि परतावा या तीन हमी) नियमांनुसार किमान तीन वर्षे किंवा ६०,००० किलोमीटर दुरुस्तीची हमी मिळते. २०२२ पासून लागू झालेल्या सुधारित नियमांनुसार, पहिल्या सात दिवसांत दर्जाच्या दोषामुळे इंजिन, गिअरबॉक्स किंवा त्यांचे मुख्य भाग बदलावे लागले तर गाडी बदलून अथवा परत करून मागता येते. त्यामुळे हमीपत्रावरील तारीख ताब्याच्या दिवसाचीच आहे याची खात्री करून घ्यावी आणि पहिल्या आठवड्यात गाडी भरपूर चालवावी.

नोंदणी

तात्पुरती कागदी पाटी काचेवर लावून गाडी चगुआनसुओमध्ये न्यावी लागते. बिल, अनुरूपता प्रमाणपत्र, कर भरल्याचा पुरावा, विमा, पासपोर्ट आणि निवास परवाना ही कागदपत्रे दाखवली की बहुधा एका दिवसात काम होते. हाती दोन दस्तऐवज येतात: रोज सोबत ठेवण्याचे, आपल्या आरसीसारखे गाडीचे छोटे नोंदणीपत्र आणि मालकी सिद्ध करणारे हिरव्या मुखपृष्ठाचे नोंदणी पुस्तक. हे हिरवे पुस्तक गाडीत ठेवू नये, घरी कुलपात ठेवावे. त्याच दिवशी वाहतूक पोलिसांचे १२१२३ हे ॲप भ्रमणध्वनीवर घेऊन त्यात आपली गाडी जोडावी, कारण दंडाच्या सूचना तिथेच येतात.

रस्त्यावरचे पहिले महिने

चीनमध्ये उजव्या बाजूने गाडी चालवतात, त्यामुळे आपल्याला सवयीचा डावा सोपा वळसा तिथे लांबचा आणि समोरची रहदारी कापणारा होतो. मोठ्या चौकांत डावीकडे वळणाऱ्यांसाठी चौकाच्या आत तुटक रेषांनी आखलेली प्रतीक्षेची जागा असते. सरळ जाणाऱ्यांचा दिवा हिरवा झाला की पुढे सरकून तिथे थांबायचे असते आणि डावा बाण हिरवा झाल्यावरच वळायचे असते. नवखा चालक पहिल्याच रेषेवर थांबून राहतो आणि मागून हॉर्न ऐकतो, किंवा घाईने थेट वळतो आणि सिग्नल तोडल्याचे सहा दोषगुण ओढवून घेतो. वर्षाला एकूण बारा दोषगुण भरले की परवाना अडकतो.

उजवीकडे वळताना धोका वेगळा असतो. विजेच्या दुचाकी त्यांच्या स्वतंत्र पट्टीतून आवाज न करता मागून येतात, आणि एच६सारख्या रुंद गाडीच्या उजव्या मागच्या खांबाआड त्या पूर्णपणे लपतात. आरशात पाहून झाल्यावरही मान वळवून मागे पाहावे आणि मगच स्टिअरिंग फिरवावे. पादचारी पट्ट्यावर माणूस दिसला की थांबलेच पाहिजे. न थांबल्यास तीन दोषगुण आणि दंड होतो, आणि कॅमेरे सर्वत्र आहेत. मद्याच्या बाबतीत कायदा अत्यंत कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम मद्य आढळले की तो फौजदारी गुन्हा ठरतो आणि परदेशी नागरिकाच्या निवास परवान्यावरही त्याचे परिणाम होतात.

पेट्रोल ९२, ९५ आणि ९८ अशा क्रमांकांनी मिळते. कोणते भरायचे हे टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस लिहिलेले असते, महागडे भरण्याची गरज नसते. वसंतोत्सव, छिंगमिंग, १ मे आणि राष्ट्रीय दिन या सुट्ट्यांत सातपर्यंत आसनांच्या गाड्यांना द्रुतगती मार्गांवर टोल माफ असतो, पण त्याच दिवशी अर्धा देश रस्त्यावर असतो; लहान मुले सोबत असतील तर सुट्टीच्या आदल्या पहाटे निघालेले बरे. अपघात झाल्यास १२२ वर वाहतूक पोलीस आणि १२० वर रुग्णवाहिका मिळते.

जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी आणि परतणाऱ्यांसाठी

दोन-तीन वर्षांच्याच कामावर आलेल्याने चार-पाच वर्षे वापरलेली एच६ पाहणे अधिक शहाणपणाचे आहे, कारण नव्या गाडीची किंमत पहिल्या वर्षांतच सर्वाधिक घसरते. अशा गाडीचा ४एस दुकानातील देखभालीचा इतिहास आणि विमा दाव्यांची नोंद या दोन्ही गोष्टी पैसे देऊन मिळतात, त्या घ्याव्यातच. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाचे डाग आहेत का ते पाहावे, कारण दक्षिण चीनच्या पुरात बुडालेल्या गाड्या दूरच्या शहरांत विकायला येतात. गाडी दुसऱ्या शहरातून आणायची असेल तर ती कोणत्या प्रदूषण मानकाची आहे आणि आपले शहर त्या मानकाच्या जुन्या गाडीची नोंदणी करते का, याची खातरजमा करावी.

भारतात परतताना ही गाडी बरोबर नेता येत नाही: डाव्या स्टिअरिंगच्या वापरलेल्या गाडीच्या आयातीला भारताचे नियम परवानगी देत नाहीत. म्हणून निवास परवान्याची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी विक्रीला सुरुवात करावी. परवाना संपल्यावर मालकी हस्तांतराची कागदपत्रे अडतात आणि खरेदीदार ती अडचण ओळखून भाव पाडतो. हस्तांतर पूर्ण होऊन हिरव्या पुस्तकात नव्या मालकाचे नाव चढल्याशिवाय किल्ली देऊ नये, उरलेल्या महिन्यांच्या व्यावसायिक विम्याचा परतावा मागावा, आणि शांघायमध्ये लिलावात घेतलेली पाटी असेल तर तिचा कोटा गाडीपासून वेगळा काढून अधिकृत लिलाव यंत्रणेमार्फत विकावा. त्या शहरात अनेकदा गाडीपेक्षा त्या कोट्याचेच पैसे जास्त येतात.